इंग्रजीतले कालबाह्य शब्द आणि त्यांची लॅटिन-फ्रेंच मुळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअर अभ्यासाला असलेले विद्यार्थी, कायद्याच्या पहिल्या वर्षाची मुलं आणि जुनी इंग्रजी पुस्तकं हौसेनं वाचणारे वाचक, या तिघांकडून साधारण तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढे पुढे अपवादांचे. इंग्रजी, लॅटिन आणि फ्रेंच शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत.

१. कालबाह्य शब्द म्हणजे नेमका कोणता? शेक्सपिअरमधला प्रत्येक अवघड शब्द कालबाह्यच असतो का?

नाही. तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात.

पहिल्या प्रकारात वस्तू गेलेली असते, तिचं नाव मात्र टिकून असतं. 'फार्दिंगेल' म्हणजे घागरा फुगलेला दिसावा म्हणून आतून घालायचा सांगाडा. तो आज कोणी घालत नाही, पण त्या काळाबद्दल लिहिताना हाच शब्द वापरतात. आपल्याकडे 'पायली' आणि 'अधोली' या मापांचं तसंच झालं आहे. दुसरा प्रकार जुनाट शब्दांचा. 'पेरॅडव्हेंचर' म्हणजे 'कदाचित'. मूळ फ्रेंच 'पार आव्हांत्यूर'. बोलण्यात तो नाही, पण बायबल वाचलेल्या इंग्रजाला तो लगेच कळतो. तिसरा प्रकार खरोखर कालबाह्य शब्दांचा. 'कोरिओलेनस' नाटकात 'थकलेला' या अर्थी 'फटिगेट' असा शब्द आहे. आजचा इंग्रज वाचकही तिथे तळटीप शोधतो.

ऑक्सफर्डचा मोठा कोश अशा शब्दाआधी खंजिरासारखी खूण छापतो. मात्र एकदा नोंदलेला शब्द तो कोश काढून टाकत नाही. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम १९२८ मध्ये पुरं झालं. मेलेले शब्दही त्यात जन्मापासून शेवटच्या वापरापर्यंतच्या अवतरणांसह सापडतात. या विषयाची गोडी ज्याला लागली त्याला या कोशाइतका दुसरा सोबती नाही.

२. इंग्रजी तर जर्मनच्या कुळातली भाषा. मग तिच्यात एवढे लॅटिन आणि फ्रेंच शब्द शिरले कसे?

दोन मोठ्या लाटांनी. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर तीनेक शतकं दरबार, न्यायालय आणि जमीनदारांच्या वाड्यांत फ्रेंच बोलली जात होती, तर शेतात आणि बाजारात इंग्रजी. १३६२ मध्ये न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा असा कायदा झाला. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता.

दुसरी लाट सोळाव्या शतकातली. छपाई आली, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरं सुरू झाली आणि पंडितांनी लॅटिन शब्द थेट पुस्तकांतून उचलले. चर्चमुळे काही लॅटिन शब्द १०६६ च्याही आधीपासून इंग्रजीत होते, पण मेलेल्या शब्दांचा ढीग पाहायचा तर ही दुसरी लाटच पाहावी (प्रश्न ४).

३. शब्द लॅटिनमधून थेट आला की फ्रेंचमार्गे, हे कसं ओळखायचं?

तत्सम आणि तद्भव ही आपली जुनी जोडी इथे उपयोगी पडते. 'हस्त' आणि 'हात', 'चक्र' आणि 'चाक' यांत जे नातं आहे, तेच 'फ्रॅजाइल' आणि 'फ्रेल' यांत. दोन्ही लॅटिन 'फ्रागिलिस'ची मुलं. एक पुस्तकातून जशीच्या तशी उचललेली, दुसरी फ्रेंच तोंडांत शतकानुशतकं घासली गेलेली. 'सिक्युअर' आणि 'शुअर', 'पॉपर' आणि 'पुअर' याच जातीच्या जोड्या.

ढोबळ खूण अशी: शब्द आखूड आणि झिजलेला असेल तर बहुधा फ्रेंचमार्गे, शेवटी '-एट' असलेलं क्रियापद असेल तर बहुधा लॅटिन धातुसाधितावरून. पण 'बहुधा' हा शब्द इथे मनापासून लिहिला आहे. अनेक शब्द दोन्ही वाटांनी आले, आणि मग कोशकारही 'काही अंशी फ्रेंच, काही अंशी लॅटिन' असं लिहून पुढे जातात.

एक गुंता आणखी आहे. फ्रेंचही एक नव्हती. नॉर्मन बोलीतला 'व' पॅरिसच्या बोलीत 'ग' होतो. म्हणून इंग्रजीत 'वॉर्डन' आणि 'गार्डियन', 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' अशी एकाच शब्दाची दोन रूपं सुखाने नांदतात.

४. 'इंकहॉर्न' शब्द म्हणजे काय?

इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. सोळाव्या शतकात जे लॅटिन शब्द फक्त दौतीतून कागदावर यायचे, कोणाच्या तोंडी नसायचे, त्यांना विरोधकांनी हे नाव दिलं.

थॉमस विल्सनने १५५३ मध्ये आपल्या वक्तृत्वावरच्या पुस्तकात असल्या भाषेतलं एक पत्र नमुन्यादाखल छापलं. हेतू थट्टेचा होता. पत्रात एका बड्या माणसाच्या 'इंजेंट अफॅबिलिटी'ची स्तुती आहे. 'इंजेंट' म्हणजे प्रचंड, लॅटिन 'इंगेन्स'वरून. तो शब्द मेला. पण शेजारचा 'अफॅबिलिटी' जगला. त्याच वाक्यातले 'मंडेन', 'सेलिब्रेट' आणि 'डेक्स्टेरिटी' हेही जगले. विल्सनच्या वाचकांना हे सगळेच शब्द सारखे हास्यास्पद वाटायला हवे होते. आज त्यांपैकी बरेच शाळकरी मुलांना येतात.

१६०१ मध्ये बेन जॉन्सनने 'पोएटास्टर' नाटकात याहून पुढची गोष्ट केली. त्यातल्या एका कवीला औषध देऊन त्याने वापरलेले शब्द रंगमंचावर ओकायला लावले आहेत. बाहेर पडणाऱ्या शब्दांत 'ओब्लाट्रंट' (अंगावर भुंकणारा), 'फ्युरिबंड' (संतापलेला) आणि 'टर्जिडस' (फुगलेला) आहेत, ते गेले. पण त्याच ओकारीत 'स्ट्रेन्युअस', 'स्प्युरिअस', 'रेसिप्रोकल' आणि 'कॉन्शस' आहेत. 'कॉन्शस' नसता तर आजचं मानसशास्त्र कोणत्या शब्दाने बोललं असतं?

दुसऱ्या बाजूने सर जॉन चीक. १५५७ च्या एका पत्रात त्याने इंग्रजी शुद्ध लिहावी, उसनवारी करू नये असा आग्रह धरला. बायबलच्या भाषांतरात त्याने 'सेंच्युरियन'ला 'हंड्रेडर' आणि 'रेझरेक्शन'ला 'गेनरायझिंग' असे देशी शब्द घडवले. ते रुजले नाहीत. आणि त्याच्या त्याच पत्रातला 'प्युअर' हा शब्द फ्रेंचमार्गे आलेला होता. राज्यव्यवहारकोश किंवा सावरकरांची भाषाशुद्धी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. फक्त आपल्याकडे 'दिनांक' आणि 'महापौर' रुजले. चीकच्या वाट्याला ते यश आलं नाही.

५. मग कोणता शब्द जगणार आणि कोणता मरणार, याचा काही नियम आहे का?

मला तरी सापडलेला नाही, आणि नियम सांगणाऱ्यांकडे थोडं सावधपणे पाहावं असं माझं मत आहे. एक जोडी बघा. लॅटिन 'फातिगारे'वरून आलेल्या लांब 'फटिगेट'ला फ्रेंचमार्गे आलेल्या आखूड 'फटीग'ने हटवलं. यावरून वाटेल की आखूड शब्द जिंकतो. आता दुसरी जोडी. 'इम्पीड' म्हणजे पायात अडथळा घालणं. त्याच्या उलट 'एक्सपीड', म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणं, असाही शब्द होता. तो मेला आणि जागा घेतली लांबलचक 'एक्सपिडाइट'ने. इथे लांब शब्द जिंकला.

एवढं मात्र नक्की म्हणता येतं की एकाच अर्थाचे दोन शब्द फार काळ शेजारी राहत नाहीत. एक तर त्यांचे अर्थ वेगळे होतात, नाही तर एकाला जावं लागतं. शब्द गेला म्हणजे तो वाईट होता असं नाही. 'ओब्लाट्रंट'ची गरज आजही रोज भासते.

६. 'डेट' आणि 'डाउट' या शब्दांत न उच्चारला जाणारा 'बी' का आहे?

कारण जुनी फ्रेंच स्पेलिंगं कालबाह्य झाली. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळात ते 'डेट्टे' आणि 'दूते' असे बी-शिवाय लिहीत, फ्रेंचप्रमाणे. पुढे पंडितांना लॅटिन 'डेबितुम' आणि 'दुबितारे' आठवले आणि त्यांनी मुळाची आठवण म्हणून बी घुसवला. लोकांनी उच्चार बदलला नाही. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधला मास्तर होलोफर्नीज यावर चिडतो: लोक बी गाळून बोलतात म्हणजे काय!

काही शब्दांत मात्र पंडित जिंकले. चॉसरचा सरदार 'पार्फिट' होता; लॅटिन 'पेर्फेक्तुस' पाहून तो 'परफेक्ट' झाला आणि 'क' उच्चारलाही जाऊ लागला. 'आव्हेंचर'चं 'अडव्हेंचर' झालं. 'व्हिक्चुअल्स' हे स्पेलिंग लॅटिन वळणाचं झालं, पण उच्चार आजही जुनाच, 'व्हिटल्स'. म्हणजे 'पार्फिट' हा संपूर्ण शब्द मेला असं म्हणण्यापेक्षा त्याने कपडे बदलले असं म्हणावं.

७. शेक्सपिअरमधले कोणते मेलेले शब्द फ्रेंच आहेत?

पुष्कळ. नेहमी भेटणारे काही इथे देतो. 'ग्रामर्सी' म्हणजे आभार, 'ग्राँ मेर्सी'चा चुरा. व्याकरणाशी त्याचा संबंध नाही. 'पर्डी' म्हणजे 'देवाशपथ', फ्रेंच 'पार द्य'. हॅम्लेटच्या तोंडी आहे. 'मॉगर' म्हणजे 'असं असूनही', आजच्या फ्रेंच 'मालग्रे'चा भाऊ. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सापडतो. 'ऑर्ग्युलस' म्हणजे गर्विष्ठ. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'च्या प्रस्तावनेत ग्रीक राजपुत्रांना तो लावला आहे. 'सर्टीझ' म्हणजे खचित. 'साँ' म्हणजे विना. म्हातारपणाचं वर्णन करताना 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये दात, डोळे, चव, सगळ्याआधी तो चार वेळा येतो आणि त्या चार ठोक्यांत माणूस रिकामा होतो.

मला सर्वांत चटका लावतो तो 'बेल्डम'. मूळ अर्थ आजी. फ्रेंचमधलं 'बेल' नात्याच्या नावाला मानाने जोडलेलं. नंतर तो कुठल्याही म्हातारीसाठी वापरात आला, मग कुरूप म्हातारीसाठी, आणि 'मॅकबेथ'मध्ये हेकेटी चेटकिणींना उद्देशून तोच शब्द वापरते.

८. 'नाइस'चा अर्थ पूर्वी 'मूर्ख' होता म्हणतात. हे खरं का?

खरं. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'नीस' झाला, अर्थ मूर्ख. इंग्रजीत आल्यावर मूर्ख, मग नाजूक, मग चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि शेवटी छान. इथे शब्द जिवंत आहे, मेला तो त्याचा अर्थ. आपल्याला यात आश्चर्य वाटू नये. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग किंवा प्रेम आणि 'शिक्षा' म्हणजे शिकवण. मराठीत दोन्ही शब्दांपासून माणूस लांब पळतो.

वाचताना खरा धोका अशाच शब्दांचा असतो. अनोळखी शब्द आला तर आपण थांबतो, कोश उघडतो. ओळखीचा शब्द आला तर चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. तीन शब्द लक्षात ठेवावेत. 'प्रिव्हेंट': १६११ च्या बायबलमध्ये स्तोत्रकर्ता पहाटेला 'प्रिव्हेंट' करतो, म्हणजे अडवत नाही, तिच्या आधी उठतो. लॅटिन 'प्राए-वेनिरे', आधी येणे. 'सेन्शर': 'हॅम्लेट'मध्ये पोलोनिअस मुलाला प्रत्येकाचा 'सेन्शर' ऐकून घे म्हणतो, म्हणजे मत, निंदा नव्हे. 'सिक्युअर': हॅम्लेटच्या बापाचा खून त्याच्या 'सिक्युअर' घटकेला झाला. म्हणजे तो सुरक्षित होता असं नाही, तर बेसावध होता. लॅटिन 'से कुरा', काळजीविना.

९. 'इम्पेकेबल' आहे, मग 'पेकेबल' का नाही?

तोही आहे. लॅटिन 'पेकारे' म्हणजे पाप करणे. 'पेकेबल' म्हणजे पाप घडू शकेल असा. कोशात आहे, वापरात जवळजवळ नाही. 'इनेफेबल'चा 'एफेबल'ही तसाच. 'डिस्कॉन्सोलेट' आज जिवंत आहे; 'कॉन्सोलेट' हे क्रियापद शेक्सपिअरने वापरलं आणि ते मेलं, त्याचं काम 'कन्सोल' करतं.

अपवाद: 'नॉनशलंट'. फ्रेंचमध्ये 'शालुआर' म्हणजे पर्वा वाटणे, पण 'शलंट' हा सुटा शब्द इंग्रजीत आलाच नव्हता. जे जन्मलंच नाही ते कालबाह्य कसं म्हणणार?

१०. 'टेक अंब्रिज'मधला 'अंब्रिज' एकटा का भेटत नाही?

तो वाक्प्रचारात अडकून वाचलेला शब्द आहे. लॅटिन 'उंब्रा', फ्रेंच 'ओंब्राज', म्हणजे सावली. झाडाची सावली हा अर्थ मावळला, मनावर पडलेली संशयाची आणि रागाची सावली उरली. 'लेफ्ट इन द लर्च'मधला 'लर्च' हा 'लूर्श' नावाच्या फ्रेंच पटावरच्या खेळातून आला. त्यात वाईट हरलेल्या खेळाडूच्या अवस्थेला 'लर्च' म्हणत. 'पेटार्ड' म्हणजे वेशीचा दरवाजा उडवायची छोटी सुरुंगपेटी. ती लावणाराच कधी कधी उडे, आणि 'हॅम्लेट'मधल्या एका ओळीमुळे तेवढा प्रसंग भाषेत राहिला.

११. आमच्या कायद्याच्या पुस्तकांत 'मेस्ने', 'प्यूस्ने' असे विचित्र शब्द आहेत. ते कोणत्या भाषेतले, आणि उच्चारायचे कसे?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

ही इंग्लंडच्या वकिलांची फ्रेंच. १३६२ चा कायदा (प्रश्न २) होऊनही वकिलांनी आपल्या टिपणांत ती शतकानुशतकं जपली. न्यायालयाच्या कागदपत्रांतून फ्रेंच आणि लॅटिन कायद्याने हटवली गेली ती १७३३ पासून. तोवर असंख्य संज्ञा इंग्रजी कायद्यात घट्ट बसल्या होत्या, आणि त्या कायद्याबरोबर त्या मुंबईला आल्या.

'मेस्ने' असा लिहिलेला शब्द 'मीन' असा उच्चारावा. मधला 'स' मुका आहे. अर्थ मधला, लॅटिन 'मेदियानुस'. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(१२) मध्ये 'मीन प्रॉफिट्स'ची व्याख्या आहे: बेकायदा ताबा असलेल्याने त्या मधल्या काळात मिळकतीतून मिळवलेला, किंवा नेहमीच्या दक्षतेने मिळवू शकला असता असा, नफा आणि त्यावरचं व्याज. जागेच्या ताब्याच्या दाव्यात हा शब्द आजही लागतो.

'प्यूस्ने'चा उच्चार 'प्यूनी'. फ्रेंच 'प्वी ने', नंतर जन्मलेला, म्हणून कनिष्ठ. मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्या न्यायाधीशांना तो लावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमची चर्चा निघाली की 'ज्येष्ठतम प्यूनी जज' हा प्रयोग हमखास येतो. ज्येष्ठतम कनिष्ठ कसा, असं विद्यार्थी विचारतात, आणि उत्तर व्युत्पत्तीत आहे. किरकोळ, दुबळं या अर्थाचा साधा इंग्रजी 'प्यूनी' हाच शब्द, फक्त उच्चाराप्रमाणे लिहिलेला.

'एस्चीट' म्हणजे वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा होणं. लॅटिनमध्ये 'बाहेर पडणे' या अर्थाचं क्रियापद, फ्रेंचमध्ये 'एशेत'. आपल्या राज्यघटनेच्या कलम २९६ मध्ये 'एस्चीट' आणि 'लॅप्स' शेजारी शेजारी बसले आहेत. 'लॅप्स' म्हटलं की मराठी माणसाला १८४८ चं सातारा आठवतं, तोच हा लॅटिन 'लाप्सुस', घसरणे. इंग्लंडमध्ये एस्चीट वसूल करणारे अधिकारी इतके बदनाम झाले की 'एस्चीट'चा पहिला स्वर गळून जो शब्द उरला तो 'चीट', फसवणूक.

१२. भारतीय वर्तमानपत्रांतले 'डेमिट', 'रस्टिकेट', 'इश्यूलेस' हे इंग्रज वापरत नाहीत. मग ते चुकीचे का?

चुकीचे नाहीत. सरन्यायाधीश निवृत्त झाले की आपली इंग्रजी दैनिकं 'डेमिट्स ऑफिस' छापतात. लॅटिन 'दिमित्तेरे', फ्रेंच 'देमेत्र', पद सोडणे. इंग्लंडमध्ये तो विरळ झाला, स्कॉटलंडमध्ये आणि आपल्याकडे टिकला. कॉलेजातून 'रस्टिकेट' करणं म्हणजे मुळात खेड्यावर, लॅटिन 'रूस'वर, धाडून देणं. विवाहविषयक जाहिरातींतला 'इश्यूलेस' कायद्याच्या भाषेतून आला. 'इश्यू' म्हणजे संतती, लॅटिन 'एक्झिरे', बाहेर येणे, फ्रेंचमार्गे. शब्द मेला की नाही हे कुठे उभं राहून विचारता यावर ठरतं. लंडनमध्ये जुनाट झालेला शब्द नागपूरच्या कोर्टात रोजचा असू शकतो, आणि तिथे वापरणाऱ्याने ओशाळण्याचं कारण नाही.

'प्रीपोन'बद्दलही विचारतात. ठरल्या वेळेच्या आधी करणे या अर्थाने तो 'पोस्टपोन'च्या नमुन्यावर भारतात घडला. पण हेच रूप, 'पुढ्यात ठेवणे' या वेगळ्या अर्थाने, सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये वापरलं गेलं होतं आणि विसरलं गेलं. आजचा शब्द त्याचा वंशज नाही. दोघांनी लॅटिनच्या त्याच विहिरीतून पाणी काढलं.

१३. मेलेला शब्द परत येतो का?

कधी कधी, आणि थाटात. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात 'जेपर्डी' आता वापरात नाही असं नोंदवलं. फ्रेंच 'ज्य पार्ती', दोन्ही बाजूंना सारखी संधी असलेला डाव. बुद्धिबळाच्या कूटप्रश्नांनाही हेच नाव होतं. आज घटनेच्या कलम २०(२) चं, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही हे, तत्त्व शिकवताना 'डबल जेपर्डी'शिवाय पान हलत नाही. त्याच कोशात 'शिव्हलरस'वरही तोच शेरा आहे. मध्ययुगाचं वेड असलेल्या पुढच्या पिढ्यांनी तो शब्द परत आणला.

१४. इंटरनेटवर 'विस्मृतीत गेलेले सुंदर शब्द' अशा याद्या फिरतात. त्या खऱ्या असतात का?

अर्ध्यामुर्ध्या. दोन सापळे आहेत. पहिला, फक्त कोशात जगलेले शब्द. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या कोशात 'डेरन्सिनेट' म्हणजे निंदणी करणे असा लॅटिन वळणाचा शब्द आहे. शेतात वाकून तण काढणाऱ्या कोणी तो कधी उच्चारला असेल असं मानायला आधार नाही. असे शब्द मेले म्हणण्यापेक्षा ते कधी जगलेच नव्हते.

दुसरा सापळा भूत-शब्दांचा. 'अबाकॉट' म्हणजे इंग्लंडच्या राजांचा दुहेरी मुकुटासारखा टोप, असं पिढ्यान्‌पिढ्या कोशांत छापलं गेलं. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८२ मध्ये दाखवून दिलं की मूळ शब्द 'बायकॉकेट', जुन्या फ्रेंचमधला एक टोप. आधीचं एकवचनी 'अ' त्याला चिकटलं, मग नक्कल करणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या चुका साचत गेल्या आणि नसलेला शब्द तयार झाला. म्हणून यादीतला शब्द आवडला तरी कोशात त्याची अवतरणं पाहावीत. कोणत्या वर्षी, कोणी, कोणत्या वाक्यात वापरला हे नसेल तर तो शब्द बाजूला ठेवावा.

१५. 'ऑब्सोलीट' हा शब्द स्वतः कुठला?

लॅटिन 'ओब्सोलेतुस', झिजून वापरातून गेलेला. सोळाव्या शतकाच्या त्याच लाटेतला (प्रश्न ४). त्याला लॅटिन 'एक्सोलेतुस'वरून आलेला 'एक्झोलीट' असा एक जुळा होता, अर्थ तोच. कोशात आज खंजिराची खूण आहे ती 'एक्झोलीट'पुढे.